गाल भरून घ्यायचेत? मग एवढं कराच

पुतणीचं लग्न आठ दिवसांवर आलंय आणि गाल बसलेत? मग मागंपुढं बघू नका. निराला बाजार, जालना रोड, जिथं ‘कोलॅजन’ची, म्हणजे कातडी भरीव ठेवणारं प्रथिन वाढवायच्या इंजेक्शनची, पाटी दिसेल तिथं शिरा. मीही तशीच शिरले होते.

टोचणारा डॉक्टर आहे का, हे विचारू नका. पांढरा कोट आहे ना, बास.

बाटलीवरचं नावही वाचू नका. पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड असो की कॅल्शियम हायड्रॉक्सिलअ‍ॅपेटाइट, कोलॅजन वाढवणारं कुठलंही द्रव्य असो, आपल्याला गाल वर आल्याशी मतलब.

आता खरं काम. खुर्चीतून उठायच्या आत समाधानाचा फॉर्म भरा, पाच तारे द्या. त्या वेळी गाल टरारून फुगलेले असतात ना! ते कोलॅजन नसतं, पावडर कालवलेलं पाणी असतं. दोन-चार दिवसांत ओसरतं. आपलं कोलॅजन तयार व्हायला आठवडे लागतात, महिने लागतात, खेपाही दोन-तीन माराव्या लागतात. म्हणजे पेरणीच्याच दिवशी उतारा विचारायचा आणि ‘भरघोस’ असं लिहून घ्यायचं. वर तेच तारे काचेवर डकवायचे. लग्नात मी होते तशीच होते. तीन महिन्यांनी डाव्या गालात तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली, तेव्हा कुणी फॉर्म पुढं केला नाही. केला असता तर पेन मोडेस्तोवर लिहिलं असतं! उलट मलाच विचारतात, “वांगं खाल्लं का ताई?” सुई तुमची, पावडर तुमची, आणि दोष माझ्या भरताला?

टोचल्यावर गाठी होऊ नयेत म्हणून पाच मिनिटं, दिवसातून पाचदा, पाच दिवस गाल चोळायचे असतात म्हणे. मला नंतर कळलं.

“काही झालंच तर विरघळवू,” यावर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. ते विरघळवायचं इंजेक्शन हायलुरोनिक अ‍ॅसिडच्या फिलरला, म्हणजे गाल भरायच्या दुसऱ्या जातीच्या जेलला, चालतं. याला नाही.

पुरे झालं. अहो, सुई रक्तवाहिनीत गेली तर कातडी काळी पडते, क्वचित डोळाही जातो. एचआयव्हीनं गाल खंगलेल्या रुग्णांसाठी २००४ साली अमेरिकेत मंजूर झालेलं हे पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड, ते तुम्ही फेशियल आणि मेंदीच्या मधे ‘ब्रायडल पॅकेज’ म्हणून छापता? लाज वाटत नाही? आणि आपण तरी काय! शहागंजात वांगं चार वेळा दाबून बघतो, देठ बघतो, आणि गालात काय भरलं त्याचं खोकं मागत नाही. मागा. त्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर घरी आणा. त्वचेच्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न केला, “आत काय भरलंय?” मला नाव सांगता आलं नाही.