छपराला खिळे किती लागतात, हे कधीही मोजू नये

मे महिना संपत आला, की कोकणातल्या घरमालकाला छपराची आठवण होते. तशी ती जानेवारीतही होऊ शकते. पण तेव्हा सुतार मोकळा असतो, लाकूड सुकं मिळतं, दुकानात माल भरलेला असतो, म्हणजे कामात काही रामच नाही. तेव्हा तुम्हीही धीर धरा. रोहिणी नक्षत्र लागू द्या, मुंबईहून चाकरमानी भावंडं येऊ द्या, आणि मग सगळी कौलं एकदम खाली उतरवून त्यांच्याखालच्या जुन्या रीपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, उखडून टाका. आता पुढचा प्रश्न आपोआप येतो: खिळे किती आणायचे?

या प्रश्नाचं उत्तर साध्या गुणाकाराने मिळतं, हीच त्यातली मोठी अडचण. गुणाकार झाला की चर्चा संपते, आणि चर्चा संपली तर भावंडांनी रजा कशाला काढली? म्हणून तो गुणाकार एकदा सांगूनच टाकतो, म्हणजे तुमच्या हातून चुकूनही व्हायला नको.

समजा, तीस बाय वीस फुटांचं दोनपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतरत्या छपराचं घर आहे. चारी बाजूंना दोन-दोन फूट छप्पर बाहेर काढलं, की पाखाची लांबी झाली ३४ फूट. उतार तीस अंशांच्या आसपास असेल, तर आढ्यापासून वळचणीपर्यंतचं, म्हणजे माथ्यापासून खालच्या कडेपर्यंतचं, तिरपं माप १४ फूट. मंगलोरी कौलाला दोन रीपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच ठेवतात, म्हणजे एका पाखावर १५ रीपा. दोन-दोन फुटांवर वासे, म्हणजे रीपांखालची उतरती लाकडं, धरले तर ते १८. रीप जिथे वाशावरून जाते तिथे एक खिळा, म्हणजे १५ गुणिले १८, २७०. दोन पाखांचे ५४०. बारा फुटी रीपा असतील तर प्रत्येक ओळीत दोन जोड येणार आणि जोडावर एकेक खिळा जास्त, त्याचे ६०. झाले ६००. रीप इंचभर जाड असेल तर अडीच इंची खिळा, एक इंच रीपेत आणि दीड इंच वाशात. दहा गेज जाडीचा असा खिळा चार ग्रॅमच्या जरा वर भरतो, किलोत २४० च्या आसपास. म्हणजे अडीच किलो. वाकणारे, उडणारे आणि गवतात पडून पुढे कोणाच्या तरी टाचेत निघणारे धरून तीन किलो.

झालं. चहा निवायच्या आत उत्तर आलं. आता हे विसरून जा आणि घराण्याला शोभेल अशा मार्गाने चला.

सुरुवात पुतण्यापासून करावी. तो लॅपटॉप घेऊनच आलेला असतो. तो तक्त्यात लिहितो: एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, १५० कौलं, साडेनऊ ब्रास छप्पर, म्हणजे चौदाशेच्या वर कौलं; प्रत्येक कौलाला चार खिळे; एकूण ५,७०० खिळे. हे चार कुठून आले, असं विचारू नका. अमेरिकेतल्या छपरावर डांबरी शिंगल्स ठोकतात, तिथे एकेका पट्टीला चार खिळे मारतात, वाऱ्याच्या प्रदेशात सहा. ते त्याने व्हिडिओत पाहिलेलं असतं. मंगलोरी कौल मात्र खिळ्याने ठोकत नाहीत. त्याच्या पाठीवर खुंटीसारखा उंचवटा असतो, तो रीपेला अडकतो आणि दोन-अडीच किलोचं कौल आपल्या वजनावर बसून राहतं. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कारखाना काढला, तेव्हापासून ते असंच बसत आलंय. पण तक्ता रंगीत आहे आणि पोराने एवढी मेहनत घेतली आहे, तेव्हा मान डोलवा.

मग थोरल्या काकांकडे वळा. ते सांगतील की आजोबांच्या काळी पसाभर खिळ्यांत अख्खं घर उभं राहिलं होतं. त्या काळी घर गवताने शाकारलेलं होतं आणि वाशांपासून सगळं दोरीने बांधलेलं होतं, हे बोलून त्यांचा आणि आपला दिवस खराब करू नका. एकीकडे ५,७००, दुसरीकडे पसाभर. आता मध्य काढायला मिस्त्री आहेतच.

मिस्त्री आढ्याकडे बघतील, मग आभाळाकडे, मग तुमच्याकडे. 'खिळ्यांचं काय घेऊन बसलात, भाऊ? आणा पाचेक किलो, कमी पडले तर बघू.' हे 'पाचेक' फार लवचीक माप आहे. त्यात किती इंची, किती गेजचे, हे काहीही येत नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. विचारलं तर यांना काही कळत नाही, असं दिसेल. न विचारता दुकानात गेलात, तर ते दुकानदाराला दिसेल. तो निदान घरचा नाही.

दुकानदार विचारतो, 'किती इंची?'

'छपराचे.'

तो तुमच्याकडे एकदा नीट पाहतो आणि ज्या गोणीचं तोंड उघडं असेल तिच्यातले देतो. चार इंची निघाले तर सुकी रीप टोकापासून उभी चिरत जाते. दीड इंची निघाले तर रीप वाशाला जेमतेम अर्धा इंच धरून राहते, तीही धरल्यासारखं करून. दोन्हींत कामाला चालना मिळते, कारण पुन्हा दुकानात जावं लागतं. तिथे पोचेपर्यंत दुकानाचा साप्ताहिक सुट्टीचा वार उजाडलेला असतो.

दरम्यान वर काय चाललंय ते खाली उभं राहून जरूर पाहावं. सुताराच्या ओठांत खिळ्यांची रांग असते, एकेक जिभेने पुढे येतो, दोन बोटांत धरला जातो, एक हलका ठोका, दोन जोरकस. तिसऱ्याला वाकला तर उपटून अंगणात. अंगणात वडील बसलेले असतात. ते तो वाकडा खिळा उचलतात, पाट्यासारख्या दगडावर आडवा ठेवतात आणि हातोडीने टुकटुक करत सरळ करतात. मग तो वर पाठवतात. वर तो दुसऱ्यांदा त्याच जागी वाकतो. आमच्याकडच्या छपराच्या कामात मनापासून हिशेबी असा हा एकच माणूस, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

ज्यांना एवढाही व्याप नको, त्यांनी कौलं काढून पत्रे घालावेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, आणि पत्रा उडतो कसा हे गावोगाव कळून चुकलं. वारा पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो. ही ओढ सर्वांत जास्त असते ती वळचणीला, आढ्याजवळ आणि कडेच्या ओळींना. म्हणून जाणकार तिथे स्क्रू दाट मारतात. तुम्ही नेमके तिथेच वाचवा. कडेला शिडी लावायला अडचण, आणि खालून कोणाला दिसतंय? मधोमध, हात पोचतो तिथे, हौसेने मारा. नालीदार पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडायचं असतं, कारण पाणी खाचेतून वाहतं. पण खाचेत पाडणं सोपं, पत्रा खाली लाकडाला टेकलेला असतो. खाचेत पाडा आणि डांबरी वायसर विसरा. त्यानंतर घरात कुठे कुठे पातेलं ठेवायचं, एवढंच मोजायचं राहतं.

खिळे कमी पडले तर काय करायचं, हे सगळ्यांना येतं: पुतण्याला दुचाकीवर पिटाळायचं. जास्त झाले तर मात्र थोडं शिक्षण लागतं. उरलेले सात किलो (होय, तुम्ही दहा आणलेत, पाचेकमध्ये पाच मिळवले, कारण 'उगाच हेलपाटा नको') दुधाच्या पावडरीच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवावेत. झाकण लावू नये. खारी हवा दोन पावसाळ्यांत त्यांचा एकच गोळा करून देते. तो फेकायचा नाही, चांगला लोखंडी माल आहे. आधीच्या गोळ्याशेजारी ठेवायचा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं, हिशेबाची वही. खिळ्यांचा आकडा तिच्यात वेगळा लिहिलात, तर पुढच्या वेळी कोणीतरी पान उलटून सरळ सांगेल, 'तीन किलो, अडीच इंची', आणि काकांना, पुतण्याला, मिस्त्रींना काही बोलायलाच उरणार नाही. म्हणून कौलं वेगळी लिहा, रीपा वेगळ्या लिहा, मजुरी तर लिहाच. खिळे, टेम्पोचं भाडं, सुतारांची भजी, पुतण्याचं पेट्रोल, कोणाच्या तरी टाचेचं धनुर्वाताचं इंजेक्शन, हे सगळं एका ओळीत घाला आणि पुढे लिहा: किरकोळ.