राणीबागेच्या बंद दरवाज्याविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार, महोदया.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही आखून दिलेल्या मुंबई सहलीबद्दल आपण लिहिलेला दोन ताऱ्यांचा अभिप्राय मी आणि माझे यजमान, दोघांनीही वाचला. आपल्या सहा वर्षांच्या मुलीला भायखळ्याच्या राणीबागेच्या बंद दरवाज्यासमोरून पेंग्विन न पाहता परतावे लागले, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. त्याबद्दल मी आपली आणि विशेषतः तिची क्षमा मागते.

मात्र आपल्या अभिप्रायातील एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. ‘राणीबाग कोणत्या वारी बंद असते हेसुद्धा ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी लहान मुलांच्या सहली काढू नयेत,’ असे आपण लिहिले आहे. नाशिकहून मुलाबाळांसह मुंबईला जाणाऱ्या कुटुंबांच्या दोन-तीन दिवसांच्या सहली आम्ही तेरा वर्षांपासून आखत आहोत, आणि या कामातला निम्मा भाग वारांचे गणित जुळवण्याचा आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी दर महिन्याला लाल पेनाने बंदचे दिवस लिहून ठेवते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, नेहरू तारांगणही सोमवारी बंद असते, राणीबाग बुधवारी बंद असते. आपल्याला आठवत असेल, आपली पहिली मागणी सोमवार, २३ डिसेंबरला निघण्याची होती. ‘सोमवारी निघालात तर पहिलाच दिवस वाया जाईल’ असे सांगून मंगळवार ते गुरुवार, २४ ते २६ डिसेंबर, या तारखा मीच सुचवल्या होत्या. ज्या बाईला वार ठाऊक नाहीत, ती असे कशाला सांगेल?

आता त्या बुधवारविषयी. राणीबाग बुधवारी बंद असते हे खरे असले तरी बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उद्यान त्या दिवशी उघडे ठेवतात आणि त्याऐवजी दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद ठेवतात. २०२४ चा नाताळ बुधवारीच आला होता. त्यामुळे २५ तारखेला बाग उघडी आणि २६ तारखेला बंद, हे मला आधीपासून माहीत होते आणि म्हणूनच आपल्या कार्यक्रमपत्रिकेत राणीबाग २५ तारखेच्या सकाळी ठेवली होती. ‘सुट्टीत मुलांना साडेसातला उठवण्याचा अट्टाहास’ असे आपण ज्याला म्हटले आहे, तो अट्टाहास मुळीच नव्हता. सुट्टीच्या दिवशी राणीबागेत किती गर्दी लोटते हे एका आकड्यावरून कळेल: १ जानेवारी २०२३ या एकाच दिवशी तेथे बत्तीस हजारांहून अधिक लोक आले होते. पेंग्विनच्या काचेसमोर लहान मुलाला सुखाने उभे राहायचे असेल तर दरवाजा उघडताच आत शिरावे लागते, कारण अकरानंतर मुलांना पेंग्विन कमी आणि मोठ्या माणसांच्या पाठी जास्त दिसतात. म्हणून दादरच्या हॉटेलखाली साडेआठला गाडी उभी करण्याची व्यवस्था मी केली होती, आणि ती साडेआठला उभी होती.

त्याआधीच्या रात्री आपण वांद्र्याची रोषणाई पाहण्यासाठी गेला होतात. माझ्या पत्रिकेत वांद्रे २५ तारखेच्या संध्याकाळी होते, परंतु नाताळच्या आदल्या रात्रीची मौज वेगळी असते हे मला मान्य आहे, आणि आपल्या आनंदात आम्ही आडवे येण्याचा प्रश्नच नव्हता. आपण साडेबारानंतर हॉटेलवर परतलात. सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी आपल्या फोनवरून मला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला: ‘आज राणीबाग नको, मुले झोपली आहेत. उद्या जाऊ. बुधवारी तशीही बंद असते ना?’ मी ८ वाजून १४ मिनिटांनी उत्तर पाठवले: ‘आज सुट्टीमुळे उघडी आहे, उद्या गुरुवारी बंद राहील. शक्य असेल तर आजच जावे.’ त्या उत्तरापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या आणि नवाच्या सुमारास आपल्याकडून अंगठ्याचे चिन्ह आले. त्या अंगठ्याचा अर्थ ‘समजले, आजच जातो’ असा मी घेतला. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘ठीक आहे, उद्या जातो’ असा होता, हे मला गुरुवारी सकाळी दहा वाजता चालकाचा फोन आला तेव्हा कळले. हे सर्व संदेश माझ्याकडे अजून आहेत, मात्र खाजगी असल्यामुळे मी ते येथे जाहीर करत नाही.

माझी चूक कुठे झाली हेही मी लपवणार नाही. त्या बुधवारी दुपारी आपल्याला एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही, मुले झोपली असतील असे वाटून मी दुसऱ्यांदा केला नाही. तो करायला हवा होता. गुरुवारच्या बंदविषयी चालकालाही वेगळे सांगून ठेवायला हवे होते. तो बिचारा आपण सांगाल तिकडे गाडी घेऊन गेला. पण चूक एका फोनची आणि दोष अज्ञानाचा, हा हिशेब मला पटत नाही.

त्याच ओघात आपल्या इतर दोन तक्रारींबद्दलही सांगते. वारली चित्रांची कार्यशाळा ‘चाळीस मिनिटांत गुंडाळली’ असे आपण लिहिले आहे. ती एक तासाची होती आणि चारला सुरू झाली होती. आपण चार वाजून वीस मिनिटांनी पोहोचलात, आणि शिकवणाऱ्या ताईंकडे पाच वाजता मुलांची दुसरी तुकडी यायची होती. तरीही त्यांनी आपल्या धाकट्या मुलाला त्याचे अर्धे राहिलेले तारप्याचे चित्र कागद आणि रंगासह घरी नेऊ दिले. दुसरी तक्रार घारापुरीची बोट ‘ऐनवेळी परस्पर रद्द केली’ ही आहे. १८ डिसेंबर रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर सहाच दिवसांनी दुसऱ्याची लहान मुले त्याच पाण्यावर पाठवण्याची हिंमत माझ्यात नव्हती. मी ही गोष्ट आपल्याला २० तारखेला कळवली, बोटीचे पैसे त्याच दिवशी परत केले आणि त्या दुपारी शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील मुलांचे संग्रहालय ठेवले, जे आपल्या मुलांना आवडल्याचे आपणच अभिप्रायात लिहिले आहे. यापुढेही असा प्रसंग आला तर मी हेच करीन.

दराबद्दल फार लिहीत नाही. चौघांचे २१,८०० रुपये आपल्याला जास्त वाटले, परंतु त्यातील मोठा वाटा दादरमधील दोन रात्रींच्या खोलीचा होता आणि नाताळाच्या आठवड्यात खोल्यांचे भाव आमच्या हातात नसतात. राणीबागेची न काढलेली तिकिटे आणि गुरुवारच्या सकाळचे गाडीभाडे मिळून ९०० रुपये आम्ही त्याच रात्री परत पाठवले होते. अभिप्रायात त्याचा उल्लेख राहून गेला असावा. भायखळ्याहून गाडी लगेच वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राकडे वळवली, तेथील उद्यानात मुले जुन्या वाफेच्या इंजिनापाशी आणि विमानापाशी परतीच्या पंचवटी एक्स्प्रेसची वेळ होईपर्यंत रमली, हेही मला चालकाकडून कळले. आपल्या लेखी तो दिवस ‘पूर्ण वाया गेला’, याचे वाईट वाटते.

आमचा व्यवसाय दोन माणसांचा आहे. कार्यालय म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. जानेवारीतील सहलीसाठी विचारणा केलेल्या दोन कुटुंबांनी आपला अभिप्राय वाचून ‘नंतर कळवतो’ असे सांगितले आणि नंतर काही कळवले नाही. त्यांना दोष देता येत नाही. लहान मुलांना घेऊन निघणारा माणूस आधी भरवसा पाहतो, आणि वारसुद्धा माहीत नसलेल्या माणसावर मीदेखील भरवसा ठेवला नसता.

यापुढे कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक ठिकाणाचा बंद दिवस ठळक अक्षरांत छापण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि कार्यक्रमातील बदल फोनवर बोलूनच पक्के करण्याविषयीही काही पद्धत लवकरच बसवू. आपल्या मुलीला पेंग्विन दाखवायचे राहिले आहेत. आपण पुन्हा मुंबईला जाल तेव्हा त्या सकाळच्या गाडीचा आणि चौघांच्या तिकिटांचा खर्च आम्ही करू, मग बाकीची सहल आपण कोणाकडूनही आखून घ्या.

तारे वाढवावेत अशी माझी विनंती नाही. ते दोनच राहू द्या. वारासंबंधीचे ते एक वाक्य मात्र कृपया पुन्हा वाचून पाहावे, २५ डिसेंबरच्या सकाळचा ८ वाजून १४ मिनिटांचा माझा संदेश एकदा उघडावा, आणि योग्य वाटल्यास ते वाक्य तेवढे काढून टाकावे.

आपली नम्र,
संचालिका