बाकं गेली तर गेली, नावं का गेली?

आमच्या चर्चमधली बाकं काढून खुर्च्या आल्या आणि घरात सरळ दोन पक्ष पडले. आई म्हणाली, "उद्या म्हणतील, उभ्यानेच उपासना करा." आई, जुनी रीत तीच आहे गं! कित्येक शतकं लोक उभ्यानेच उपासना करायचे. ओळीने मांडलेली बाकं सगळीकडे रुळली ती मुख्यतः सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या धर्मसुधारणेनंतर, कारण प्रवचनं लांबली. गिटारवरूनही बरीच कुरकुर चालू आहे. 'सायलेंट नाइट' 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायलं गेलं, तेही गिटारच्याच साथीने. त्यामुळे या दोन्ही तक्रारींत मी नाही.

मला खुपतंय ते वेगळंच. उन्हाळ्यात हजेरी रोडावते म्हणून दोन उपासनांची एक केली, आणि ती तासाभरात बसवायची म्हणून मंडळीतल्या आजारी माणसांची नावं घेऊन होणारी प्रार्थना गाळली. सूचना मात्र सगळ्या राहिल्या! कुणाला विचारलं होतं का? पडद्यावर नवा क्रम दिसला तेव्हाच आम्हाला कळलं.

दर सुट्टीत आम्ही कॅम्पिंगला जातो. गाडीत सगळं मावत नाही, म्हणून आदल्या रात्री काय ठेवायचं यावर घरात कडाक्याचं भांडण होतं. उशा राहिल्या तरी चालतं, खुंट्या ठोकायची हातोडी राहिली तर रात्री पंचाईत. वगळावं लागतं हे मलाही मान्य आहे. पण या वेळी चर्चने हातोडी घरी ठेवली आणि उशा घेतल्या.

आता कॅम्पिंगबद्दल. "रविवार बुडवून रानात काय जाता?" हे दरवर्षी ऐकावं लागतं. ज्यांना तंबूचं वावडं आहे त्यांनी बायबलमधल्या 2 शमुवेलाचा सातवा अध्याय काढावा. दावीद राजा मंदिर बांधायचं मनात आणतो, तेव्हा देव नाथान संदेष्ट्याकरवी विचारतो, मी आजवर तंबूतच फिरलो, गंधसरूचं घर कधी कुणाकडे मागितलं? लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात तर मांडवांचा सण आहे, सात दिवस मांडवात राहायची आज्ञाच. आणि प्रेषित पौलाचा धंदा राहुट्या करण्याचा. एवढं असताना आमच्या तंबूवर राग का?

रानातल्या रविवारी आम्ही एक स्तोत्र वाचतो, एक गीत म्हणतो, संपलं. फार काही पवित्र वगैरे वातावरण नसतं. एकदा ऐन स्तोत्रात धाकटी ओरडली, "तंबू गळतोय!" पाऊस नव्हताच. आमच्याच श्वासातली वाफ रात्रभर थंड कापडाला लागून थेंब धरले होते आणि ते तिच्या मानेवर पडत होते. वरची खिडकी थोडी उघडी ठेवायची असते, थंडी वाजली तरी. मग उरलेलं स्तोत्र कापड पुसता पुसता झालं, आणि नंतर आईने सवयीने आजारी माणसांची नावं घेतली. सगळी तोंडपाठ.

सणाला चर्चमध्येच असावं असं आई म्हणते, आणि या बाबतीत मात्र मी तिच्या बाजूने. नाताळ 25 डिसेंबरला ठरलेला. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये फिरतो, आणि त्याच्यामागोमाग पन्नासावा दिवस, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण पेंटेकॉस्ट, 10 मे ते 13 जूनमध्ये कुठेतरी. म्हणजे ऐन सुट्टीत. ज्याला मंडळीचा वाढदिवस म्हणतात त्या दिवशी चर्च निम्मं रिकामं, आणि आता तोही तासाभरात उरकायचा? त्या रविवारी आम्ही गावातच राहायचं ठरवलंय. तंबू त्यानंतर. मुलं फुगली आहेत, फुगू देत.

पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली आहे. खुर्च्या राहू द्या, गिटार राहू द्या, वेळ कमी पडत असेल तर सूचना फळ्यावर लावा, पण नावांची प्रार्थना परत घ्या. कमिटीच्या पुढच्या बैठकीत विषय येणार आहे. आमच्या मंडळीतले जे हे वाचत असतील त्यांनी त्या दिवशी थांबावं. बाकांसाठी भांडायला येणार असाल तर आईच्या शेजारी जागा आहे, मी पलीकडे बसेन.