ओळखी वाढवा, माणसं टाळा

भोसरी एमआयडीसीत गाळा आहे, दोन सीएनसी मशीनं आहेत, पण काम पुरत नाही? मग नेटवर्किंग करा. आधी हजार व्हिजिटिंग कार्डं छापून घ्या. कागद ३०० जीएसएम, वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे कुणी पेनाने त्यावर काही टिपून ठेवायला गेलं तर शाई पुसलीच पाहिजे. मजकूर एवढाच: ‘सर्व प्रकारची जॉबवर्क’. किती व्यासापर्यंत टर्निंग होतं, टॉलरन्स, म्हणजे मापातला फरक, किती सांभाळता, हे चुकूनही छापू नका. एखादा नेमकं तेच काम घेऊन दारात उभा राहायचा.

आठवड्याला सकाळी सात वाजता उद्योजकांची बैठक असते, तिथे जा. ओळख करून द्यायला साठ सेकंद मिळतात. ‘आम्ही क्वालिटीत तडजोड करत नाही’ म्हणा. तुमच्या आधीच्या अकरा जणांनीही तेच म्हटलेलं असेल, त्यामुळे कुणाला खटकणार नाही.

रेफरल, म्हणजे एकमेकांना गिऱ्हाइक सुचवणं, मात्र मनापासून द्या, म्हणजे नंबर फॉरवर्ड करा. काही खुळे लोक आधी गिऱ्हाइकाला फोन करून विचारतात की मटेरियल काय, ईएन-८ स्टील की साधं एमएस, नग किती, ड्रॉइंग तयार आहे का, माल कधी हवाय. मग ‘तुमचा नंबर दिला तर चालेल ना?’ अशी परवानगी घेतात, आणि चार दिवसांनी कोटेशन पोचलं का याचीही चौकशी करतात. एका रेफरलला अर्धा तास! तेवढ्या वेळात तुमच्या बैठकीतल्या दहा रेफरल स्लिपा भरून होतात. पलीकडचा माणूस ‘कोण तुम्ही? मला काही नकोय’ म्हणून फोन आपटतो, पण तो तुमच्यावर नाही, तुम्ही ज्याला नंबर दिलात त्याच्यावर.

व्हॉट्सअ‍ॅप हवंच. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही चाचणी फार अपमानास्पद आहे. त्यापेक्षा सरळ ग्रुप काढा आणि न विचारता सगळ्यांना त्यात घ्या.

आता पैशाचं. तुमचे पार्ट भट्टीत तापवून कडक करून देणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्याचं बिल थांबवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. घाबरू नका. त्याला तुमच्याशी संबंध टिकवायचे आहेत, तो तक्रार करणार नाही. नेटवर्किंगचा खरा परतावा तो हाच.

गिऱ्हाइकाशीही असंच वागा. दरमहा जीएसटी रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीची बिलं दाखवायची, ११ तारीख हुकवा. १४ तारखेला त्याच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या टॅक्स क्रेडिटच्या यादीत, तुमचं बिल दिसणार नाही. १ लाखाच्या मालावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपयांचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि तेवढी रोकड त्याला खिशातून भरावी लागते. आजवर त्यांच्या परचेसवाल्याला तुमचं नाव आठवत नव्हतं, आता अकाउंट्सवाल्यालाही तोंडपाठ होईल.

राहता राहिली दसऱ्याची मशीनपूजा. शेजारच्या गाळ्यातून बोलावणं आलं तर टाळा. तिथे कोट घातलेलं कुणी नसतं. असतात ते टूल ग्राइंडिंगवाला, टेम्पोवाला, स्क्रॅपवाला आणि दोन-तीन ऑपरेटर. बर्फी खाता खाता ते उगाच बोलत बसतात: कुणाकडे तिसरी शिफ्ट सुरू झाली, कुणाचा माल तीनदा रिजेक्ट होऊन परत आला, कुणाचं मशीन स्पिंडल गेल्याने आठवडाभर बंद आहे आणि त्याची डिलिव्हरी शनिवारी आहे. असल्या गप्पांतून धंदा मिळत नसतो. फारच आग्रह झाला तर पाच मिनिटं जा, टेम्पोवाल्याच्या हातात मॅट लॅमिनेशनचं कार्ड ठेवा आणि त्याचा नंबर न घेता निघा.