भावी राहा, प्रभावी दिसा

तर तुम्हाला नगरसेवक व्हायचंय. उत्तम. प्रभागातली तुंबलेली गटारं, बंद दिवे, टँकरच्या वेळा यांची वही केली असेल तर ती आधी रद्दीत घाला. गटारात वाकलेल्या माणसाची लोकांना फक्त पाठ दिसते, आणि पाठ फ्लेक्सवर छापत नाहीत.

सुरुवात फ्लेक्सनेच करायची. कानाला फोन, नजर लांब कुठेतरी, जणू थेट मंत्रालयातून विचारणा होतेय. नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ लावा. तुमच्या वडिलांनीही तुम्हाला दादाच म्हणायला हवं. गाडीचा नंबर 4141 मिळाला तर तो ‘दादा’ असा वाचता येतो, पैसे कमी पडले तरच साधा घ्या. वरच्या गोलांतल्या नेत्यांचे फोटो मात्र छपाईच्या दिवशी सकाळच्या बातम्या बघूनच ठरवा.

खरी गुंतवणूक तळाशी असते. तिकडे ‘शुभेच्छुक’ म्हणून तीस पोरांचे तिकिटाएवढे फोटो टाका. ज्याचा फोटो छापला, त्याच्या घरची चार मतं आली. शिवाय तो पुढचे आठ दिवस चौकात उभा राहून फ्लेक्सची फुकट राखण करतो.

नावाखाली ‘भावी नगरसेवक’ लिहायला लाजू नका. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं ते थेट जानेवारी 2026 मध्ये. मुदत संपली तसे निवडून आलेले सगळे एका रात्रीत ‘माजी’ झाले. भावी होते ते भावीच राहिले. इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

हे सगळं थिल्लर वाटत असेल तर शास्त्राधार देतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेटच्या लढतींमधल्या दोन-दोन अनोळखी उमेदवारांचे चेहरे लोकांना दाखवले आणि विचारलं, यातला कर्तबगार कोण वाटतो? नुसत्या चेहऱ्यावरून दिलेलं उत्तर साधारण 70 टक्के लढतींत प्रत्यक्ष निकालाशी जुळलं. चेहरा एकच सेकंद दाखवला तरी अंदाज जवळपास तितकाच जुळला. आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्याला हे न शिकता ठाऊक आहे, म्हणून तर तो न सांगता तुम्हाला दोन छटा गोरं करतो.

आता कपडे. पांढरा लिननचा शर्ट, पांढरी पँट, इस्त्री अशी कडक की बसताना आवाज यावा. पांढऱ्याचा मोठा फायदा म्हणजे सकाळी दशक्रियेला गेलेला माणूस दुपारी त्याच कपड्यांत लग्नाला उभा राहू शकतो. दशक्रिया चुकवू नका. लग्नात लोकांचं लक्ष पंगतीकडे असतं. घाटावर मात्र चारशे माणसं गुपचूप बसलेली, उठून जाण्याची सोय नाही, आणि हातात माईक. कैलासवासी अण्णांची तुमची ओळख नसली तरी ‘अण्णा मला मुलासारखं मानायचे’ हे वाक्य चालतं. अण्णा खोडून काढत नाहीत. तुमच्याआधी सहा जणांनी तेच सांगितलं असेल, तर आवाज थोडा जड करा. तिकडे पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून घरचे हवालदिल झालेले असतात. अण्णांची कुठली इच्छा राहिली, याची कुजबुज सुरू होते. भाषणं संपायची वाट बघतोय असं कावळ्याला सांगता येत नाही, एवढंच.

सोडतीत प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तर खचू नका. फ्लेक्स तोच ठेवा, फक्त शेजारी वहिनींचा हात जोडलेला फोटो टाका. तुमच्यापेक्षा लहान.

कायद्याचं म्हणाल, तर मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध 1995 चा राज्याचा कायदा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेची काळजी चौकातल्या कुणाच्या चेहऱ्यावर मला तरी दिसलेली नाही. दंड धरून ठेवा, शालींच्या खर्चात खपून जातो.

आणि फ्लेक्स वाया जाईल ही भीती तर काढूनच टाका. उतरवलेला फ्लेक्स रातोरात कुणीतरी गावाकडे नेतो. पावसाळ्यात तिकडे गेलात तर दिसेल, कांद्याच्या ढिगावर तुम्ही पसरलेले आहात, हात जोडून, पाणी आत जाऊ देत नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून कपाळावर वीट ठेवलेली असते.