हतनूरचे ४१ दरवाजे उघडणं म्हणजे धरण धोक्यात येणं नव्हे

हतनूर हे जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळचं तापी नदीवरचं धरण. तापीला पूर आला की भुसावळपासून शहाद्यापर्यंत एक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, सार तेच: "हतनूरचे ४१ दरवाजे पूर्ण उघडले. धरणाला मोठा धोका, कधीही फुटू शकतं. दरवाजे बंद ठेवले असते तर खान्देशला दोन वर्षं पाणी पुरलं असतं, पण आपलं पाणी मुद्दाम गुजरातला सोडलं. गिरणा धरण पाणी अडवतं, मग हतनूर का नाही? जास्तीत जास्त शेअर करा."

हा मेसेज पाठवणारी माणसं आपलीच आहेत. नदीकाठची मोटार आणि पाईप वर ओढून आणताना जीव कसा खालीवर होतो, हे त्यांना ठाऊक आहे, आणि उन्हाळ्यात हजार फुटांवर गेलेली बोअरसुद्धा त्यांनी पाहिली आहे. काळजी खरी, रागही खरा. पण मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी आहे, आणि त्यामुळे राग भलत्याच ठिकाणी खर्च होतो.

पहिलं, "दरवाजे उघडले म्हणजे धोका". बातमीत ४१ या आकड्याच्या शेजारीच पाणीपातळी दिलेली असते, ती कुणी वाचत नाही. हतनूरची पूर्ण संचय पातळी २१४ मीटर. सगळे दरवाजे पूर्ण उघडे असतात तेव्हा पातळी बहुतेक वेळा २०९-२१० मीटरच्या आसपास असते, म्हणजे भरलेल्या धरणापेक्षा चार-पाच मीटर खाली. भिंतीवरचा पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. म्हणजे ज्या दिवशी आपण घाबरतो, त्या दिवशी भिंतीवरचा भार ऑक्टोबरात धरण तुडुंब असतानापेक्षा कमी असतो. वक्राकार दरवाजे पाण्याच्या वर उचलले की नदी जवळपास धरण नसल्यासारखी वाहते. धोका याच्या उलट बाजूला आहे: पूर येतोय आणि दरवाजा उचलला जात नाही, वीज गेली आणि जनरेटर सुरू होत नाही, दरवाजा उचलणारा वायर रोप गंजलेला निघाला. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरबीजवळचं मच्छू-२ धरण फुटलं, कारण पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा मोठा होता आणि पाणी बाजूच्या मातीच्या भरावावरून गेलं. मातीचा भराव वरून वाहणारं पाणी सोसत नाही. हतनूरलाही सांडव्याच्या बाजूंना मातीचाच भराव आहे. पाणी तिथवर चढू नये म्हणून तर हे ४१ दरवाजे.

आकड्यांचा एक घोळही इथेच सांगतो. पाटबंधारे खातं विसर्ग क्युमेक्समध्ये देतं, काही बातम्या क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच सुमारे ३५ क्युसेक. १,००० क्युमेक्स आणि ३५ हजार क्युसेक हा एकच पूर. मेसेज पुढे जाताजाता एकक बदलतं, आकडा तोच राहतो, आणि पूर बसल्याजागी ३५ पट होतो. आकडा पाठवण्याआधी त्याच्यापुढचा शब्द बघा, एवढं तरी करता येईल.

दुसरं, "बंद ठेवले असते तर दोन वर्षं पुरलं असतं". इथे थोडा हिशोब करू. हतनूरचा एकूण साठा ३८८ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त २५५. आता समजा तापीला एक लाख क्युसेकचा पूर आहे. मोठ्या पावसात यात नवल काही नाही. एक लाख क्युसेकने चोवीस तासांत साधारण २४५ दशलक्ष घनमीटर पाणी येतं. म्हणजे धरणाचा सगळा उपयुक्त साठा मोकळा धरला तरी तो एका दिवसात भरतो. दुसऱ्या दिवशीचं पाणी कुठे ठेवायचं? आणि साठा पूर्ण मोकळा कधीच नसतो. गाळाने त्यातला मोठा भाग खाल्लेला आहे.

हतनूर हे अफाट नदीवरचं लहान धरण आहे. मुलताईहून निघालेली तापी बऱ्हाणपूरवरून येते, मेळघाटचं पाणी घेते. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाण्याचं पाणी घेऊन चांगदेवला तिला मिळते. या दोन्ही नद्यांचं पाणी एकाच भिंतीपाशी येतं. म्हणून जळगावात कोरडं ऊन असतानाही हतनूरचे दरवाजे वर जातात. पाऊस चिखलदऱ्याला किंवा देडतलाईला झालेला असतो.

दरवाजे बंद ठेवले तर पाणी आधी कुणाच्या अंगावर येईल, हेही मेसेज सांगत नाही. ते सुरतेला नाही, मागे जाईल. चांगदेव, ऐनपूर, रावेर-मुक्ताईनगरच्या काठावरच्या केळीत. फुगवट्याचं पाणी केळीच्या बागेत दोन-तीन दिवस थांबलं की खोडं सडतात, घड वजनावर आलेले असले तरी व्यापारी फिरकत नाही. ते नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याला "दरवाजे बंद ठेवा" म्हणून बघा, तो काय उत्तर देतो.

शिवाय गाळ. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पूर सगळ्यात गढूळ असतात, पूर्णेचं पाणी तर काळ्या मातीने दाट झालेलं. ते दरवाजे उघडे ठेवून जाऊ दिलं तर निदान थोडा गाळ पुढे सरकतो. अडवलं तर तो धरणातच बसतो. पाऊस सरत येतो तसे दरवाजे टप्प्याटप्प्याने खाली येतात आणि धरण भरून घेतलं जातं. भरायला उशीर झाला का, शेवटचा पूर हातचा गेला का, हे मात्र जरूर विचारावं. तो प्रश्न रास्त आहे, आणि तो सप्टेंबरात विचारायचा असतो, जुलैत नाही.

गिरणेची तुलना तर मुळातच जमत नाही. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा ५२३ दशलक्ष घनमीटर, हतनूरच्या दुपटीहून जास्त, आणि नदी तापीच्या मानाने कितीतरी लहान. तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर चणकापूर, हरणबारी, केळझर, पुनद ही धरणं आधीच बसलेली. २०१९ मध्ये कित्येक वर्षांनी गिरणा काठोकाठ भरलं तेव्हा चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यात केवढा आनंद झाला होता, आठवा. तिथे धरण भरत नाही ही चिंता, इथे धरण पुरत नाही ही.

राहिला गुजरात. हतनूरच्या दरवाज्यातून सुटलेलं पुराचं पाणी सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज (नदीपात्रातले दरवाज्यांचे बंधारे) ओलांडून गुजरातच्या उकाई धरणाला जातं, हे खरं. पण ते कुणी दिलेलं नाही, नदीचा उतारच पश्चिमेला आहे. उकाई १९७२ चं धरण, हतनूरच्या कितीतरी पट मोठं. गुजरातने साठवायची जागा बांधली. तापी खोऱ्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १९१.४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे. हा वाटा कागदावर आहे, तो अडवायला आणि वावरापर्यंत न्यायला जे लागतं ते अपुरं आहे. अमळनेर तालुक्यातला पाडळसे प्रकल्प एक पिढी झाली तरी अर्धवट. शहादा-नंदुरबारकडे बॅरेज बांधून झाले, पाणी अडलं, पण त्यावरच्या २२ उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या. काठावर उभं राहून शेतकऱ्याने भरलेली नदी नुसती बघायची. मला संताप येतो तो इथे. तापी मेगा रिचार्जचा करार मध्य प्रदेशबरोबर १० मे २०२५ ला झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या, पाणी पिणाऱ्या जमिनीत, पुराचं पाणी जिरवायची ही योजना रावेर-यावलच्या केळीला जगवू शकते. तिचं काम कुठवर आलं, हे आमदार-खासदारांना विचारणारा मेसेज मला आजवर एकदाही आलेला नाही.

हतनूरला पूर सोडण्याची क्षमता वाढवायला आठ जादा दरवाज्यांचं काम हाती घेतलं गेलं आणि तेही रेंगाळलं. धरणाच्या सुरक्षिततेबद्दल बोलायचंच असेल तर विषय हा आहे.

आणि धरणं फुटतात, हेही खरंच आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं. ते लहान होतं, मातीचं होतं, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. भीती बाळगायचीच तर ती हतनूरच्या उघड्या दरवाज्यांची नाही, गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या लघुप्रकल्पाची आणि पाझर तलावाची बाळगा. तिथे ना दरवाजे, ना चौकीदार.

अशा भिंतीच्या खालच्या बाजूने पावसाळ्यात एकदा चालत जा. पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपणं नेहमीचं आहे. मोठ्या धरणांवर ते व्ही आकाराच्या खाचेतून जाऊ देऊन रोज मोजतात. पण झिरपा अचानक वाढला, पाणी गढूळ यायला लागलं, तर आतली माती वाहून येतेय असं समजा. माथ्यावर लांबट भेग, एखाद्या जागी खचलेला भराव, निखळलेलं दगडी पिचिंग, घुशींची बिळं, भरावावर वाढलेली बाभळीची झाडं, सांडव्याच्या तोंडाशी कुणी केलेलं अतिक्रमण, हे सगळं फोटोत येतं. तारीख आणि नेमकी जागा लिहून शाखा अभियंत्याला लेखी द्या, प्रत तहसीलदारांना, दोन्हीकडून पोच घ्या. गढूळ पाणी असेल तर अर्जाची वाट न बघता त्याच क्षणी फोन करा आणि नाल्याकाठची घरं हलवा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. तो मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. तुमच्या गावाच्या वरचं धरण त्यात बसतं का, आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे ग्रामसभेत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्या.