खालून वर वाचावे

ईमेलमध्ये 'फ्रॉम' नावाची जी ओळ असते, तिथे पाठवणाऱ्याला हवं ते लिहिता येतं. बँकेचं नाव, साहेबांचं नाव, अगदी तुमचं स्वतःचंही. ही पळवाट नव्हे, मूळ रचनाच तशी आहे. संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे ईमेल पोचवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले तेव्हा नेटवर्कवर मोजकी मंडळी होती आणि खोटी ओळख सांगून कुणाला काही मिळणार नव्हतं. टपालवाला पाकिटावरचा पत्ता बघतो, आतल्या पत्राखाली सही कुणाची आहे हे बघत नाही, ईमेलचंही तसंच. आणि आपल्याला तर पाकीट दिसतच नाही. ते बघायचं तर हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी त्याच्या प्रवासाची नोंद, उघडावं लागतं.

मला हेडर वाचता येतं ही बातमी नातेवाइकांत फुटली आणि माझ्या रविवारांची वाट लागली.

काका निवृत्त मुख्याध्यापक. शंका अर्धवट सोडलेली त्यांना चालत नाही. "चोवीस तासांत खातं बंद होणार म्हणे. खरा आहे का रे हा मेल?" असं विचारून त्यांनी तो मला फॉरवर्ड केला. मी हेडर उघडलं. पत्ता काकांचा, सर्व्हर काकांचा, डीकिमची, म्हणजे पाठवणाऱ्याच्या मेल सेवेने लावलेली डिजिटल, सही शाबूत. पुराव्यानुसार काकांचं खातं बंद करायची धमकी खुद्द काकांनीच दिली होती. फॉरवर्ड केलं की मूळ हेडर मागेच राहतं आणि नवं लागतं, हे मी समजावलं. काकांनी स्क्रीनशॉट पाठवला.

"काका, कॉम्प्युटरवर मेल उघडा. तीन टिंबं दिसतात? त्यात मूळ मेल दाखवायचा पर्याय असतो."

"टिंबं आहेत. दाबली. अरे, पानभर काहीतरी आलं! व्हायरस नाही ना?"

ते पानभर काहीतरी म्हणजेच हेडर. त्यातल्या 'रिसीव्हड' ओळी खालून वर वाचायच्या, कारण वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो. म्हणजे सगळ्यात खालची ओळ उगमाची. पण भामट्यांनाही हे ठाऊक असतं. ते तळाशी दोन-चार बनावट ओळी आधीच घालून ठेवतात. म्हणून विश्वास ठेवायचा तो आपल्या मेल सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवर. तिथे पाठवणाऱ्या यंत्राने सांगितलेलं नाव असतं आणि शेजारी कंसात, आपल्या सर्व्हरला प्रत्यक्ष दिसलेला आयपी पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता. नाव बिनदिक्कत खोटं असू शकतं. आकडे खरे धरावेत.

एवढं सांगून झाल्यावर काकांना नेमकी निकालाची ओळ सापडली. एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. एसपीएफ म्हणजे डोमेनने (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) मान्य केलेल्या सर्व्हरांची यादी, डीकिम ती मघाची सही, आणि या दोहोंपैकी एक तरी 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळतं का हे डीमार्क बघतं.

"तिन्ही विषयांत पास! खराच आहे की मग."

"काका, डोमेन बघा. बँकेच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि वर एक जादा शब्द आहे."

हे डोमेन भामट्याने स्वतः विकत घेतलेलं, त्याच्या नोंदी नीट केलेल्या. त्या तीन चाचण्या एवढंच सांगतात की मेल त्याच डोमेनच्या परवानगीने निघाला. भामटा तोतया नाही, अस्सल तोच भामटा आहे, याची तिहेरी खात्री. मेल उडवायला सांगितला. काकांनी उडवला, पण हेडरची गोडी लागली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बँकेचा खरा मेल तपासला. डीमार्क फेल. बँकेने माहितीपत्रकं पाठवायचं काम बाहेर दिलेलं. त्या सर्व्हरची एसपीएफमध्ये नोंद करायला आणि मेलवर बँकेची डीकिम सही लावायला कुणी फिरकलंच नव्हतं.

"पास झालेला खोटा आणि नापास झालेला खरा?"

"नेहमी तसं नसतं, काका."

"आणि नापास होऊन हा इनबॉक्समध्ये आलाच कसा?"

डीमार्कमध्ये डोमेनचा मालक स्वतःच धोरण जाहीर करतो: नापास मेल परत पाठवा, स्पॅममध्ये टाका किंवा काहीच करू नका. बँकेने तिसरं निवडलं होतं. हे कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात काकाच म्हणाले, "अच्छा, वर ढकललाय."